चित्रात नसलेलं घर

१

पडदा ओढला आणि सभागृहाच्या भिंतीवर जुनं हिवरपार उभं राहिलं.

धरणाच्या पाण्याखाली जाऊन तीन वर्षं झालेलं गाव. ते बुडायच्या आधी, शेवटचं सामान हलत होतं त्या दिवशी, देवळीच्या धीरज फोटोवाल्याने समोरच्या टेकडीवर कॅमेरा रोवून एकाला एक लागून असे पुष्कळ फोटो काढून ठेवले होते. नव्या गावात सभागृह बांधून झालं तेव्हा कुणाला तरी त्यांची आठवण झाली. ते सगळे जोडून हे एकच लांबलचक चित्र तयार केलं होतं. या टोकाला मारुतीचं देऊळ, त्या टोकाला बौद्धवाडी आणि मध्ये सगळं गाव.

लोक भिंतीला चिकटले. "हा पाह्य आपला वटा!" "थे आमची न्हानी, फुटक्या पत्र्याची!" कुणी हसत होतं, कुणी पदर तोंडाला लावत होतं. सरळ रेघांच्या, एकासारख्या एक घरांच्या नव्या वस्तीत राहून कंटाळलेली माणसं आपापल्या वाकड्यातिकड्या दारांवरून बोट फिरवत होती.

नंदिनी धुरपतामावशीचा हात धरून उभी होती. सावंगीच्या दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. सुटी टाकून आली होती, ती फक्त मावशीसाठी. भैयाजीकाका गेल्यापासून मावशी कुठल्या कार्यक्रमाला जात नसे. आज मात्र नवं लुगडं नेसून, काठी टेकत आली होती. "घर पाहून येतो माह्यं," एवढंच म्हणाली होती.

मावशीचं बोट विहारापासून निघालं. विहारानंतर कडुनिंब. कडुनिंबानंतर तिचं घर आणि अंगणातली विहीर, मग प्रभाकररावांचा गोठा. बोट कडुनिंबावरून पुढे सरकलं ते थेट गोठ्यावर गेलं. मागे आलं. पुन्हा गेलं.

"नंदे," मावशी म्हणाली, "माह्यं घर कुठी गेलं?"

नंदिनीने वाकून पाहिलं. कडुनिंबाला खेटून गोठा होता. मधलं घर नव्हतं, विहीर नव्हती, अंगण नव्हतं.

मागून एक तरुण आवाज चढला. "सारं गाव आलं अन् एक आमच्याच वाडीतलं घर गेलं. थेही प्रभाकररावच्या गोठ्याजवळचं. वा रे वा!"

मावशीचा मुलगा अश्वजित पुढे आला, आईच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे माय. मशीनची चूक असन. चाल घरी."

२

मशीनची चूक कशी असते ते नंदिनीला ठाऊक होतं.

वाकड्या पाठीच्या पोरांचा सबंध कणा एका एक्स-रेत मावत नाही. तुकड्यातुकड्याने काढून जोडावा लागतो, आणि जोड चुकला तर एखादा मणका गडप होतो किंवा एकाचे दोन दिसतात. त्यामुळे कुठलंही जोडलेलं चित्र समोर आलं की तिची नजर आधी जोडावर जाई.

लोक पांगल्यावर ती परत भिंतीपाशी आली. यंत्र चुकलं की खूण ठेवतं. फांदी अर्धी तुटते, भिंतीची कड दुहेरी होते. इथे तसलं काही नव्हतं. कडुनिंबाची एकच फांदी, तिच्या वाळक्या शेंड्यासकट, तीन ठिकाणी उमटली होती. कुणीतरी तीच ती फांदी उचलून जोडावर ठेवली होती आणि भोक बुजवलं होतं. हे हाताचं काम होतं, सावकाश, जीव लावून केलेलं.

आणखी एक गोष्ट होती. सागवानी चौकट चित्रापेक्षा लांब होती. उरलेल्या जागेत पांढरा कागद लावला होता. म्हणजे चौकटीचं माप दिलं गेलं तेव्हा चित्र पूर्ण होतं. घर नंतर कापलं.

बाहेर वाडीतली पोरं जमली होती. जुन्या गावात भैयाजी आणि प्रभाकरराव यांचं हद्दीवरून भांडण होतं हे सगळ्यांना माहीत होतं. प्रभाकरराव तेव्हा सरपंच, आणि आताही चित्राचं सगळं त्यांनीच पाहिलं होतं. पोरं म्हणत होती की चित्र उतरवायचं, तहसीलवर मोर्चा न्यायचा.

"रविवारच्या ग्रामसभेपर्यंत थांबा," नंदिनी म्हणाली. "मी शोधून काढतो. मंग तुमाले जे करायचं थे करा."

घरी मावशी ओट्यावर बसली होती. लुगडंही बदललं नव्हतं.

"बरं झालं म्हना घर नाई तथी," ती म्हणाली. "विहीर दिसली असती तं माह्याच जिवाले लागलं असतं. मीच धाडलं ना त्याले. म्हटलं, सामान तं गेलं, आता जाता जाता आपल्या विहिरीचं एक बादली पानी काढा, नव्या घरी शिंपडू. अन् मी विहारात गेली. वापस येतो तं लोक जमा झालते." ती थांबली. "वहाना दारातच होत्या त्याच्या. डोक्याचा शेला खुंटीले. अनवानीच धावला बिचारा माह्या पान्यासाठी, अन् पाय सटकला."

हे नंदिनीने पूर्वीही ऐकलं होतं. मावशी हे कुणालाही सांगे, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईलासुद्धा.

३

प्रभाकरराव कापसाच्या गंजीजवळ खाट टाकून बसले होते. नंदिनीला पाहून उठले नाहीत, पण नातवाची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"चौकशी करून राह्यली म्हनते तू."

"काकाजी, चित्र तुमी केव्हा पायलं?"

"तुमच्यासंगच. पडदा उघडला तवा. मी धीरजले काम सांगतलं अन् मोकळा झालो." ते खाकरले. "पोरी, तुही नजर चांगली हाय म्हनते. मंग माह्या गोठ्याचा पुढचा खांब पाह्य. बैलाची दावन पाह्य. थेही कापलं गेलं. मले भैयाजीचं घर कापायचं असतं तं माह्याच गोठ्यावर कुऱ्हाड चालवली असती काय मी?"

हे खरं होतं. जोडाने गोठ्याचाही पुढचा भाग खाल्ला होता. पण नंदिनी लगेच उठली नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी होतं.

"हद्दीवरून आमी जलमभर भांडलो," ते म्हणाले. "पन त्याले विहिरीतून वर काढाले मीच उतरलो होतो. अश्वजितनं बोंब मारली अन् मी गोठ्यातून धावलो. विहीर थ्या मानसानं सोता खंदली होती, मालूम हाय ना? बायको माती ओढे अन् थो खंदे. अन् त्याच विहिरीनं..."

"विहिरीजवळ काय काय होतं, काकाजी?"

"बादली होती काठावर. दोर होता गुंडाळलेला."

"ओला?"

प्रभाकररावांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाई," ते म्हणाले. "त्याच दोरानं तं आमी त्याले बांधून वर घेतलं. हातात घेतला तवा खडखडीत कोरडा होता. मी समजलो, बादली सोडायच्या आधीच घसरला असन."

तसं असूही शकतं, असं नंदिनीने स्वतःला समजावलं. पण घसरलेल्या माणसाच्या बाजूला दोर गुंडाळलेला कसा राहतो, हे काही तिला समजावता येईना.

४

वर्ध्याला हिरालालच्या छपाईच्या दुकानात यंत्रं घरघरत होती. निवडणुकीचे आणि वाढदिवसांचे फलक एकाखाली एक लोंबत होते. हिरालालने आधी हातच झटकले.

"मॅडम, हमको जैसी फाईल आती, वैसी छापतो आपण. कुनाचं घर आहे, कुनाचं नाही, आपल्याले काय समजते?"

"पण आधी फाईल लांब होती."

हिरालाल चपापला. मग ओशाळं हसला. "होती. चौकट उसी नाप की बनी. नंतर धीरजभाऊ खुद आले, बोले नवीन फाईल घ्या, छोटी आहे. मी म्हणलो, भाऊ, चौकट बडी पडेल. बोले, पडू द्या. चेहरा ऐसा होता जैसे घरात मयत झाली."

"जुन्या फाईलचं काही छापलं होतं?"

"एक सॅम्पल निकाला था. छोटासा, रंग बघायला. गावात दाखवायला नेलं ना."

"प्रभाकररावांनी?"

"नाही नाही. बुजुर्ग आदमी कायले येतील? त्यांनी तुमच्याच गावचा एक माणूस पाठवला. अश्वजित नाव. त्या बाईचा मुलगा ना तो, जिचं घर गेलं म्हणून बोंबाबोंब आहे?"

घर कापायच्या आधी ते घर पाहिलेला गावातला एकच माणूस होता, आणि 'मशीनची चूक असन' म्हणून आईला घरी नेणाराही तोच होता.

५

धीरजचा स्टुडिओ देवळीच्या बसस्टँडसमोर होता. नंदिनीने नाव सांगितलं आणि त्याने काही न विचारता दाराची कडी लावली.

"मले मालूम होतं कोनीतरी येईन," तो म्हणाला. "मी खोटं बोलनार नाई, ताई. पन पाहून घ्यायच्या आधी विचार करा."

"दाखवा."

त्याने संगणकावर आधी तो पहिला, पूर्ण पॅनोरामा उघडला. कडुनिंबापलीकडे मावशीचं घर होतं. कौलं, ओटा, निळं दार. अंगणात विहीर, आणि विहिरीपाशी एक माणूस. पण पुरा माणूस नव्हता. त्याच्या छातीतून मागचा गोठा दिसत होता.

नंदिनी संगणकाजवळ वाकली.

"जोडताना असं होते," धीरज हळूच म्हणाला. "दोन फोटोत थोडी जागा सारखी ठेवा लागते. त्याशिवाय जोड बसत नाई. त्या जागेत कोनी हललं तं मशीन गोंधळते. एका फोटोत मानूस हाय, दुसऱ्यात नाई. मंग थे अर्धा ठेवते. मी पयले ध्यानच दिलं नोतं. एवढ्या मोठ्या गावात एक मानूस. अश्वजित सॅम्पल घेऊन आला तवा मी मूळ फोटो उघडून पायले."

त्याने ते दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

पहिल्यात भैयाजीकाका विहिरीच्या काठाला हात लावून उभे होते. तोंड घराकडे. डोकं उघडं, पाय उघडे. बाजूच्या दगडावर वहाणा जोडीने काढून ठेवलेल्या, त्यांच्यावर शेला, घडी घातलेला. बादली आणि दोर घराच्या दारापाशी.

दुसऱ्या फोटोत वहाणा होत्या, शेला होता, बादली दारापाशीच होती. काका नव्हते.

"मधात किती वेळ?" नंदिनीने विचारलं.

"कॅमेरा थोडा फिरवाचा अन् बटन दाबाचं, तेवढाच." धीरजचे डोळे भरले. "मी तिकडंच तोंड करून होतो, ताई. पन मी स्क्रीनवरची रेघ पाहून राह्यलो होतो, जोड नीट येईन की नाई म्हून. मानूस मले दिसलाच नाई."

नंदिनी दोन्ही फोटोंकडे पाहत राहिली. मावशीने वहाणा पाहिल्या दारात. फोटोत त्या विहिरीपाशी. शेला पाहिला खुंटीला, फोटोत तो दगडावर. बादली-दोर लोकांना सापडले काठावर, कोरडे. फोटोत ते दारापाशी. काका पाणी काढायला गेलेच नव्हते. आणि ते गेल्यानंतर, लोक यायच्या आधी, कुणीतरी अंगणातल्या सगळ्या वस्तूंची अदलाबदल केली होती.

बोंब मारणारा माणूस सगळ्यांच्या आधी तिथे होता.

६

अश्वजित वावरात तुरीला पाणी देत होता. नंदिनीला बांधावरून येताना पाहून त्याने फावडं खाली ठेवलं. तिने काही विचारायच्या आधीच तो खाली बसला.

"धीरजनं सांगतलं?"

"त्यानं फोटो दाखवले. बाकी तू सांग."

"ट्रॅक्टर घेऊन शेवटच्या खेपेले आलतो," तो म्हणाला. "पायतो तं दगडावर वहाना अन् शेला. मले एका घडीत समजलं, ताई. आत वाकून पायलं तं..." त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. "सकाळीच भांडलो होतो मी. थे म्हनत, मी येत नाई, ही विहीर सोडून मी कुठी जात नाई. मी दमून गेलतो सामान भरू भरू. म्हटलं, विहीरच पाह्यजे ना तुमाले, तं राहा मंग तिच्यातच. असं बोललो मी बापाले."

पाटाचं पाणी सरीतून फुटून भलतीकडे वाहू लागलं होतं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"लोक काय म्हनतीन म्हून भेव वाटलं. त्याच्यापेक्षा जास्त भेव वाटलं मायचं. तिले समजलं तं थे विचारन, काऊन गेला? मंग मले सांगा लागन. म्हून वहाना दारात ठेवल्या, शेला खुंटीले लावला, अन् बादली तथी नेऊन ठेवली. मंग बोंब मारली. मले वाटलं, पाय घसरला म्हनतीन अन् संपन. मले का मालूम तिनं पानी मांगतलं होतं?"

"अन् मालूम झाल्यावर?"

त्याने एक ढेकूळ उचलून मुठीत चुरडलं.

"तीन वर्षं थे लोकाले सांगत फिरून राह्यली अश्वजित, का मीच नवऱ्याले मारलं. तुह्यासमोर सांगते. तू आयकून घेते."

"रोज वाटे, आज सांगतो. एक दिवस गेला का दुसऱ्या दिवशी आनखी कठीन होते." त्याने मान वर केली. "मंग सॅम्पलमधी बाप दिसला. आरपार. सॅम्पल कोनाले दाखवलंच नाई, धीरजच्या पायावर पडलो. म्हटलं, माय घर शोधन, घर सापडलं का विहीर पाहीन, अन् विहिरीवर थो दिसन. घरच काढून टाक."

"अन् प्रभाकररावच्या नावानं पोरं पेटली, तवा?"

"तवाही चूप राह्यलो," अश्वजित म्हणाला.

नंदिनीला त्याचा संताप येत होता, आणि तो लहान असताना भैयाजीकाकांच्या खांद्यावर बसून पोळ्याला यायचा तेही दिसत होतं. ती त्याच्याजवळ ढेकळांवर बसली. "मी नाई सांगनार तिले," ती म्हणाली. "थे तुलेच सांगा लागन."

७

मावशी अंगणात तूर निवडत होती. अश्वजित तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खाली मान घालून सगळं बोलला. भांडणातला तो शब्दसुद्धा त्याने गाळला नाही. नंदिनी दारात उभी होती. मावशीचे हात सुपातच थांबले.

"मंग थो पान्यासाठी नोता गेला?" तिने विचारलं.

"नाई, माय."

"माह्यं आयकून नोता गेला."

"नाई."

मावशीने सूप बाजूला ठेवलं. ती रडेल असं नंदिनीला वाटलं होतं, ती ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती बसून राहिली. एक ओझं उतरत होतं आणि त्याच जागी दुसरं चढत होतं, आणि म्हातारीचे खांदे तेवढेच होते.

मग ती म्हणाली, "वहाना तुनं उचलल्या?"

"हो."

"शेला कसा होता?"

"घडी घालून ठेवला होता."

"नीट घडी? का गोळा करून?"

"नीट, माय. तू पेटीत ठेवतं तशी. काठाले काठ लावून."

मावशीने हात लांब केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"मंग थो तुह्या रागानं नाई गेला," ती म्हणाली. "रागात मानूस घडी नाई घालत, बापा. फेकून देते. थो जलमभर रागात शेला फेके. त्याचं मन लागलं नाई पुढं यायले, म्हून थो गेला. तुही जीभ वाईट बोलली. थे तुले भोगा लागन. पन जीव तुनं नाई घेतला त्याचा."

आणि मग ती रडली. तीन वर्षांपूर्वी, मयतीच्या दिवशी, ती रडली नव्हती. आपण कोणत्या तोंडाने रडायचं, असं म्हणाली होती.

रविवारी ग्रामसभेत अश्वजितने उभं राहून सांगितलं की घर त्याने कापायला लावलं. का, तेही सांगितलं. वाडीतली पोरं खाली पाहू लागली. प्रभाकरराव जागचे उठले, अश्वजितच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बाहेर निघून गेले.

धीरजने पुन्हा जोडायला घेतलं तेव्हा तो स्वतः हिवरपारला आला. मावशीसमोर दोन्ही फोटो ठेवले. "धुरपताबाई, जोडात एकच मावते," तो म्हणाला. "मशीनले विचारलं तं थे अर्धा ठेवते. म्हून तुमाले इचारतो. कोनता लावू?"

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेले. एकेक करून, पुष्कळ वेळ पाहिले. नवऱ्याचं तोंड घराकडे होतं, त्यावर तिने अंगठा ठेवला.

"उभा हाय थो लाव," ती म्हणाली. "गेलेला तं मी रोज पाहून राह्यली."

नवं चित्र लागलं त्या दुपारी सभागृहात फारसं कुणी नव्हतं. प्रभाकरराव आपल्या गोठ्याचा खांब पाहून गेले. मावशी खुर्ची ओढून चित्रासमोर बसली होती. अश्वजित बाहेर पायरीपाशीच उभा होता, चपला पायात तशाच. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता. नंदिनीने त्याला खुणावलं, तर त्याने मान हलवली.

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. चित्रावरची नजर तशीच ठेवून तिने हाक मारली.

"अश्वजित, आत ये. तुह्याशिवाय कोन हाय त्याले इथी."